बोलत नाही, पण काढते!
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने आपल्या जिल्ह्यातील सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त झाली. अशा धक्क्यातून गेलेले मूल पुष्कळदा बोलत नाही. कागद-रंग दिले तर मात्र पडके घर पुनःपुन्हा काढते. पालक घाबरून कागद हिसकावतात, ते मला पटत नाही. शब्दांत न मावणारी भीती हातावाटे बाहेर पडते, कागदावर आली की थोडी आटोक्यात येते. चित्र सुबक नसले तरी चालेल, गुण थोडेच द्यायचे आहेत! ‘हे काय काढलंस?’ अशी उलटतपासणी नको. ‘याबद्दल सांगतोस का?’ एवढे पुरे. नाही सांगितले तर गप्प बसावे. मात्र महिना उलटूनही झोप लागत नसेल, तर केवळ रंगांवर विसंबू नये, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर त्याच दिवशी. ‘टेलिमानस’चा मोफत दूरध्वनी १४४१६ रात्रीही चालू असतो.