मनाईहुकुमाचे व्याकरण

चि. वसंतास,

तुझे पत्र पोचले. स्पॅनिशमधील निषेधार्थी आज्ञांची कोष्टके तू घोकीत बसला आहेस असे त्यावरून दिसते. ते तूर्त बाजूस ठेव.

त्या भाषेत हुकूम आणि मनाईहुकूम यांची दप्तरेच निराळी. होकारी आज्ञेस स्वतःचे रूप आहे. नकार येताच मात्र क्रियापद इच्छा, शंका, विनंती यांसाठी राखलेल्या अर्थात जाते, आणि म्हणून 'झोप' याला 'दुएर्मे' म्हणणारा माणूस 'झोपू नकोस' म्हणताना 'नो दुएर्मास' म्हणतो. संस्कृत शिकलेल्या तुला याचे नवल वाटू नये. पाणिनीच्या शासनातही 'मा'च्या योगात 'गच्छ' सोडून 'मा गमः' असे लुङाचे, म्हणजे एका भूतकाळाचे, आणि तेही अडागम, म्हणजे आरंभीचा 'अ', गाळलेले रूप घ्यावे लागते.

आता धातूतील स्वराबाबत. लॅटिनमधील ह्रस्व ए आणि ओ आघाताखाली सापडले तेथे कॅस्टिलच्या बोलीत फुटून 'इए' आणि 'उए' झाले, आघाताबाहेर राहिले ते अभंग राहिले. सबब 'बोल्बेर', म्हणजे परतणे, याचे 'परतू नकोस' ते 'नो बुएल्बास', परंतु 'आपण परतू नये' म्हणताना आघात प्रत्ययावर सरकत असल्याने 'नो बोल्बामोस'. इथवर कायदा सरळ आहे. खरी मेख 'इर'ने संपणाऱ्या धातूंत. मनाईच्या रूपांत त्यांचा फुटणारा स्वर आघात सुटल्यावरही मूळ पदावर परतत नाही, अर्धवट बदललेलाच राहतो: 'दोर्मिर'चे 'नो दुर्मामोस', आणि 'मेन्तिर', खोटे बोलणे, याचे 'नो मिएन्तास' असूनही 'नो मिन्तामोस'. पाठ्यपुस्तके हे प्रकरण दोन ओळींत आटोपतात, आणि विद्यार्थी अडतो तो नेमका तेथेच.

रूप साधायचे तर वर्तमानकाळाचे प्रथमपुरुषी एकवचन हाती धर. 'दुएर्मो' यातील अंत्य 'ओ' काढून 'एर', 'इर' धातूंना 'आस' आणि 'आर' धातूंना 'एस' जोडलेस की एकवचनाचे बहुतेक काम झाले. या अंत्य स्वराची हयगय मात्र करू नकोस. 'सेन्तार्से' म्हणजे बसणे आणि 'सेन्तिर्से' म्हणजे मनास वाटणे. 'नो ते सिएन्तास माल' म्हटलेस तर वाईट वाटून घेऊ नकोस असे सांत्वन होते, आणि 'सिएन्तेस' म्हटलेस तर बिचाऱ्या दुःखी माणसाच्या बसण्याच्या ढबीवरच तू टीका केलीस असे व्हायचे.

'पेदिर' आणि 'रेपेतिर' यांची मनाईची सर्व रूपे, कोष्टक न उघडता, पुढील पत्री लिहून पाठव.

तुझा,
काका