लंडनमधील एक दिवस : प्रवासवर्णन लेखन (इयत्ता ४ थी व ५ वी)

प्रवासवर्णन लिहा म्हटलं की मुलं "आम्ही सकाळी लवकर उठलो" इथून सुरू करतात आणि "खूप मजा आली" इथे थांबतात. मध्ये ठिकाणांची नुसती यादी. म्हणून या वेळी न पाहिलेलं शहर घेऊ या, लंडन. माहिती आपण सांगायची, प्रश्न मुलांनी विचारायचे.

दिवसाची सुरुवात केजरीने करा. भात, धुरी दिलेला हॅडॉक मासा, उकडलेलं अंडं. नाव नीट ऐकलंत का? ही आपली खिचडीच! हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांनी ती मायदेशी नेली. तिथे डाळ गेली आणि मासा आला.

नाश्ता झाला की थेम्सकाठचा टॉवर ऑफ लंडन. यातला पांढरा बुरूज विल्यम राजाने १०७० च्या दशकात बांधायला घेतला. उंची सुमारे २७ मीटर. आपले गड डोंगरावर, हा मात्र सपाटीवर, शहराला लागून. कारण त्याला परक्या शत्रूइतकाच धाक लंडनकरांनाही दाखवायचा होता. इथे किमान सहा डोमकावळे पाळतात. ते निघून गेले तर राज्य बुडेल, अशी दंतकथा आहे. (हे ऐकून वर्ग जागा होतो!)

याच किल्ल्यात राजमुकुट ठेवलेले आहेत आणि त्यांतल्या एकात कोहिनूर. इथे घाई करू नका. "आपला हिरा ते परत का देत नाहीत?" हा प्रश्न येणारच. "त्यांनी चोरला" असं सांगून मोकळं होणं सोपं आहे, पण मुलांना एवढंच द्यावं असं मला वाटत नाही. १८४९ मध्ये लाहोरच्या तहाने हिरा इंग्रजांकडे गेला. तो सोडून देणारे महाराजा दुलीपसिंह तेव्हा १० वर्षांचे होते, म्हणजे आपल्या पाचवीतल्या मुलाएवढे. युद्ध हरलेलं, आईपासून दूर केलेलं. अशा मुलाच्या सहीला संमती म्हणायचं का? हा प्रश्न फळ्यावर लिहा आणि गप्प बसा. मुलं बोलतील. पाकिस्ताननेही या हिऱ्यावर हक्क सांगितला आहे, हेही लपवू नका.

तिथून चालत जवळच 'मॉन्युमेंट' हा स्तंभ आहे. १६६६ च्या मोठ्या आगीची आठवण. उंची २०२ फूट, पायऱ्या ३११. आग पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत लागली, आणि ती जागाही स्तंभापासून २०२ फुटांवरच! गणिताच्या तासालाही वापरा. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले तेही १६६६ सालीच. दोन्ही घटना एकाच कालरेषेवर दाखवा.

दुपारी फिश अँड चिप्स. मैद्याच्या पिठात बुडवून तळलेला कॉड, जाडसर बटाट्याचे काप, वर मीठ आणि व्हिनेगर. पूर्वी वर्तमानपत्रात बांधून द्यायचे, आपल्या वडापावसारखं. दुसऱ्या महायुद्धात बऱ्याच अन्नावर रेशनिंग होतं, पण या पदार्थाला सरकारने त्यातून वगळलं होतं. शाकाहारी मुलाने काय खाल्लं असेल, ते त्यालाच लिहू द्या.

संध्याकाळी चहा आणि स्कोन. त्यावर आधी साय की आधी जॅम, यावर डेव्हन आणि कॉर्नवॉलचे लोक अजून भांडतात. डेव्हनवाले आधी साय लावतात.

लेखनासाठी दोनच अटी : प्रत्येक ठिकाणी एक वास किंवा आवाज हवा, आणि "मजा आली" हे शब्द चालणार नाहीत. पालकांनी रविवारी खिचडी करताना मुलांना बाजूला उभं करावं आणि केजरीची गोष्ट त्यांच्याकडून ऐकावी.