परदेशी डायरेक्टर गेला, स्टुडिओ चालूच राहिला!



आपल्या जालना एमआयडीसीत रोलिंग मिल असो, बियाणं प्रोसेसिंग असो नाहीतर दोन लेथचं वर्कशॉप, एक भीती सगळ्यांना सारखीच असते: "मेन माणूस उद्या आलाच नाही तर?" आजच्या व्हिडिओत यावर एका जर्मन डायरेक्टरची गोष्ट सांगितली. ती इथे थोडक्यात देतो.

फ्रान्झ ऑस्टेन. जन्म १८७६, म्युनिक. घरचा धंदा फोटोग्राफीचा. १९०७ मध्ये भावासोबत फिरता सिनेमा काढला, तर तिसऱ्याच दिवशी प्रोजेक्टरने पेट घेतला. तरी धंदा सोडला नाही. पुढे डायरेक्टर झाला, मग पहिल्या महायुद्धाने करिअर मध्येच थांबवलं. १९२५ मध्ये हिमांशु राय यांच्यासोबत भारतात येऊन 'प्रेम संन्यास' केला. १९३४ मध्ये राय यांनी मुंबईत मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली. ऑस्टेन आणि कॅमेरामन जोसेफ विर्शिंग तिथे आले. ऑस्टेनला हिंदी येत नव्हतं, तरी 'अछूत कन्या' (१९३६) त्याचीच.

मग १९३९. दुसरं महायुद्ध सुरू झालं. ऑस्टेन जर्मन, वर नाझी पक्षाचा सभासद. 'कंगन'चं काम चालू असताना इंग्रज सरकारने त्याला पकडलं. विर्शिंगही नजरकैदेत गेला. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, हिमांशु राय वारले.

आता सांगा, शटर पडायला हवं होतं की नाही? पण 'कंगन' पूर्ण झाला. देविका राणींनी कारभार हातात घेतला. १९४३ मध्ये त्याच बॅनरचा 'किस्मत' आला आणि कलकत्त्यात एका थिएटरला तीन वर्षांहून जास्त चालला. डायरेक्टर ज्ञान मुखर्जी, हिरो अशोक कुमार. हे अशोक कुमार स्टुडिओच्या लॅबमध्ये कामाला होते! १९३६ मध्ये आधीचा हिरो बाहेर पडला, तेव्हा रायसाहेबांनी घरातलाच माणूस पुढे केला होता.

यातून आपण काय घ्यायचं?

१. बाहेरचा तज्ज्ञ जरूर आणा, पण त्याच्या हाताखाली आपला एक माणूस पहिल्या दिवसापासून ठेवा. मशीन बसवायला आलेला इंजिनिअर परत गेला की शिकायची संधी पण गेली.

२. सेटिंग डोक्यात नको, वहीत हवं. तापमान, फीड, कोणता टूल किती दिवस चालतो, सगळं मराठीत लिहून मशीनजवळ लावा.

३. नवीन माणूस शोधण्याआधी आपल्या हेल्परकडे बघा. तो रोज तेच काम बघत असतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. दुसरा माणूस तयार करायचा म्हणजे पहिल्यावर संशय घ्यायचा असं नाही. त्यालाच उस्ताद करा, शिकवण्याचे वेगळे पैसे द्या. नाहीतर तो हातचं राखूनच शिकवेल.

या आठवड्याचा गृहपाठ: एका कागदावर तीन रकाने आखा. काम, सध्या कोण करतो, तो नसेल तर कोण. तिसरा रकाना जिथे रिकामा राहील, तिथे तुमचा धंदा एका माणसाच्या भरवशावर उभा आहे. सोमवारी तिथूनच सुरुवात करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.