पूजेतून निघालेल्या मूर्ती

देव न मानणारा माणूस जेव्हा हिंदू व बौद्ध मूर्ती, थंका, टाक किंवा उत्सवातील धातुप्रतिमा जमवू लागतो, तेव्हा त्याची अशी समजूत असते की आपल्याला देवाशी कर्तव्य नाही, केवळ घडणीशी आहे, आणि म्हणून आपली नजर भाविकाच्या नजरेपेक्षा अधिक स्वच्छ आहे. व्यवहारात नेमके उलटे घडताना दिसते. भाविक शक्यतो नवी मूर्ती घडवून घेतो, जुनी समोर आली तर ती कोणाच्या देव्हाऱ्यातली हे आधी विचारतो आणि भग्न मूर्ती घरात आणत नाही. अश्रद्ध संग्राहकाला यांपैकी कोणतीच आडकाठी नसल्यामुळे चोरीचा माल, तोडून वेगळे केलेले अवयव आणि बनावट प्राचीनता या तिन्ही गोष्टी त्याच्या दाराशी आधी येतात. म्हणून वस्तू सुंदर आहे काय आणि किती जुनी आहे, या दोन्ही प्रश्नांच्या अगोदर ती पूजेतून कशी निघाली, हा प्रश्न त्याने विचारला पाहिजे.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर टाकांच्या बाबतीत मिळते. टाक म्हणजे पातळ चांदीच्या पत्र्यावर साच्याने उठाव देऊन केलेली, तळहातात मावणारी कुलदैवताची प्रतिमा; घोड्यावरचा खंडोबा आणि त्याच्यासोबत म्हाळसा, तुळजापूरची भवानी, तसेच घराण्यातील मृत पूर्वजांचे, म्हणजे वीरांचे, टाकही देव्हाऱ्यात असतात. पिढ्यान्‌पिढ्या घासल्याने टाक झिजला की त्याचे विसर्जन करावे किंवा सोनाराकडे मोडीत देऊन नवा करून घ्यावा, असा रिवाज आहे, आणि मोडीत घातलेला टाक सराफाच्या डब्यातून संग्राहकाच्या हाती आला तर त्यात कोणाची फसवणूक झालेली नसते. खरी झीज उठावाच्या भागांवर, म्हणजे नाकावर, गुडघ्यावर आणि घोड्याच्या तोंडावर असते, तर खोलगट जागी हळदीकुंकवाचा काळपट थर घट्ट बसलेला असतो. रसायनात बुडवून जुना केलेला टाक मात्र उंच व खोल भागांत सारखाच काळा दिसतो आणि त्याच्या कडा बोटाला नव्यासारख्या लागतात. हा थर चिंचेने किंवा पितांबरीने घासून काढणारा संग्राहक टाकाच्या खरेपणाचा सर्वांत चांगला पुरावा स्वतःच्या हाताने धुऊन टाकतो. याउलट एखाद्या घराण्याचे सगळे टाक एकदम विक्रीस आले असतील, तर वाटणीत एका भावाने इतरांना न विचारता देव विकल्याची शक्यता धरून चालावे आणि घरातील वडीलधाऱ्यांची संमती कळेपर्यंत पैसे मोजू नयेत.

मंदिरातील मूर्तीचा विचार याहून कठोरपणे करावा लागतो. दक्षिणेकडील धातूच्या उत्सवमूर्तींच्या, म्हणजे गाभाऱ्यातील मूळ मूर्तीऐवजी मिरवणुकीत नेल्या जाणाऱ्या प्रतिमांच्या, पीठाला दांडे बांधण्यासाठी कड्या किंवा छिद्रे ठेवलेली असतात. अशी छिद्रे असलेली पुरातन मूर्ती ‘एका जुन्या कुटुंबाच्या संग्रहातून’ आली आहे असे विक्रेता सांगू लागला, की ते कुटुंब मिरवणूक कोठे काढीत असे, हा प्रश्न विचारायला संग्राहकाने संकोचू नये. तमिळनाडूतील पत्तूर येथे १९७६ साली जमिनीत सापडलेला नटराज परदेशी गेला, कॅनडातील एका कंपनीने तो प्रामाणिक समजुतीने विकत घेतला आणि डागडुजीसाठी लंडनला पाठवलेला असताना तो पोलिसांनी जप्त केला. पुढे चाललेल्या दाव्यात इंग्लंडच्या न्यायालयाने पत्तूरच्या पडक्या मंदिराला पक्षकार म्हणून मान्यता दिली, मंदिराचा हक्क खरेदीदाराच्या हक्कापेक्षा श्रेष्ठ ठरवला आणि १९९१ साली मूर्ती भारतात परतली. भारतीय कायद्यातही देवता ही विधिमान्य व्यक्ती आहे, म्हणजे तिच्या नावे मालमत्ता असू शकते आणि तिच्या वतीने दावा चालू शकतो. ज्या देवाचे अस्तित्व संग्राहकाला मान्य नाही, तोच देव न्यायालयात वादी म्हणून त्याच्यासमोर उभा राहू शकतो, आणि तेथे नास्तिक्य हा बचाव होत नाही. कागदपत्रांवर विसंबूनही भागत नाही, कारण श्रीपुरंतान येथून चोरीला गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली ५० लाख डॉलरना घेतला, तेव्हा त्याच्यासोबत मालकीच्या इतिहासाचे कागद होतेच. ते खोटे निघाले आणि २०१४ साली मूर्ती परत करावी लागली. अशा अनेक मूर्तींची ओळख पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने मंदिरांतून पूर्वी काढून ठेवलेल्या छायाचित्रांमुळे पटली, त्यामुळे मूर्ती घेण्याआधी प्रकाशित छायाचित्रे ताडून पाहणे हा विद्वानांचा छंद नसून खरेदीदाराचे काम आहे.

भारतात राहणाऱ्या संग्राहकास १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम लागू होतो. त्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलाकृती ही पुरावस्तू ठरते, धातू, दगड, लाकूड आदींची जुनी शिल्पे व थंकांसह चित्रे यांची नोंदणी करावी लागते, मालकी बदलल्यास कळवावे लागते आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण पणजीच्या देव्हाऱ्यातील पितळी बाळकृष्ण सामानात घालून नेणेही या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. वस्तूच्या वयाविषयी शंका असेल तर ती पुरावस्तू नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला आधी घ्यावा.

बौद्ध वस्तूंच्या बाबतीत अश्रद्धेचा अपाय वेगळ्या प्रकारे होतो. तिबेटी परंपरेत मूर्तीच्या पोकळीत मंत्रांच्या गुंडाळ्या, धान्य, सुगंधी वनस्पती इत्यादी भरून तळाला पत्रा बसवतात व प्रतिष्ठाविधी करतात. त्या पत्र्यावर बहुधा एकमेकांना छेदणारी दोन वज्रे कोरलेली असतात. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका संग्राहकाने आत काय आहे या कुतूहलापोटी असा पत्रा उचकटला, तेव्हा त्याच्या हाती जीर्ण कागदाच्या गुंडाळ्या आणि भुसा आला, मूर्तीचे मोल घटले आणि तिबेटी भिक्षूच्या दृष्टीने तिची प्रतिष्ठाही भंगली. थंका म्हणजे कापडावरील गुंडाळता येणारे धार्मिक चित्र. ते घेताना पाठही पाहावी, कारण तेथे देवतेच्या कपाळ, कंठ व हृदय यांच्या मागे ‘ओं, आः, हूँ’ ही अक्षरे लिहिलेली आढळतात, आणि चौकटीत घट्ट चिकटवलेल्या चित्रात हीच बाजू कायमची झाकली जाते. बुद्धाच्या नुसत्या मस्तकांविषयी मत स्पष्ट असावे: पाषाणाचे जुने मस्तक दिवाणखान्यात कितीही शांत दिसले, तरी ते बहुतेक वेळा कोणीतरी धडापासून छाटलेले असते. आणि ज्या महाराष्ट्रात १९५६ च्या धर्मांतरानंतर बुद्धप्रतिमा लाखो घरांच्या आत्मसन्मानाची खूण झाली, तेथे ती उपाहारगृहाच्या किंवा स्नानगृहाच्या शोभेसाठी मांडणे हा निव्वळ अभिरुचीचा दोष म्हणून सोडून देता येत नाही.

पिप्रहवा येथील स्तूपात १८९८ साली बुद्धाच्या अस्थींसोबत सापडलेली रत्ने २०२५ साली हाँगकाँगच्या लिलावात निघाली, तेव्हा रत्ने व अस्थी वेगळ्या मानता येतात काय, हाच वादाचा मुद्दा झाला. भारत सरकारच्या नोटिशीनंतर लिलाव थांबला आणि मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाच्या साहाय्याने ती रत्ने त्याच वर्षी भारतात आली. खोदकाम करणाऱ्याच्या वंशजांकडे ती शतकाहून अधिक काळ राहिली होती, म्हणजे दीर्घकाळ ताबा असला की प्रश्न मिटतो, असेही म्हणता येत नाही.

ज्याला एवढी उठाठेव नको असेल, त्याने स्वामीमलैच्या स्थपतींकडून किंवा नेपाळच्या पाटणमधील शाक्य कारागिरांकडून नवे काम घ्यावे. मेण वितळवून साचा करण्याची ओतकामाची पद्धत दोन्ही ठिकाणी आजही जिवंत आहे आणि उत्तम नवी मूर्ती संशयास्पद जुन्या मूर्तीपेक्षा कधीही बरी, हे मत अनेक मुरलेल्या संग्राहकांना पटत नसले तरी येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

घरात मूर्ती आल्यावर तिच्यापुढे हात जोडणारे कोणी ना कोणी निघतेच, बहुधा कामाला येणाऱ्या मावशी किंवा गणपतीत आलेली आत्या, आणि त्यांना अडवण्यात काही पुरुषार्थ नाही. फूल वाहू द्यावे, मात्र तेल, हळदकुंकू व ओले वस्त्र धातूवरील जुन्या थरास बाधक असल्याने ते टाळण्याची विनंती करावी. त्याहून मोठी अडचण संग्राहकाच्या पश्चात उद्‌भवते, कारण भाविक वारस भग्न देव म्हणून नोंदणीकृत पुरावस्तू नदीत सोडू शकतात आणि अश्रद्ध वारस तीच किलोच्या भावाने मोडीत घालू शकतात. यास्तव प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, खरेदीची पावती, नोंदणीचा दाखला आणि ती पूजेतून कशी निघाली याविषयी विक्रेत्याने सांगितलेली हकीकत एका फायलीत ठेवावी, ती फाइल कोठे आहे हे मृत्युपत्रात लिहावे, आणि जी वस्तू मूळ देवस्थानास किंवा संग्रहालयास द्यायची असेल ती हयातीतच देऊन पोच घ्यावी.