प्लास्टिकची लेखणी कीं छपाई यंत्र?

कोरीटसारख्या गांवीं मिरचीच्या ऐन हंगामांत अवजाराचा बोटभर प्लास्टिकचा तुकडा मोडावा आणि तेवढ्यासाठीं नंदुरबारची फेरी व दिवसाची मजुरी खर्ची पडावी, ही अडचण शेतकऱ्यास नवी नाहीं. असे तुकडे घरीं करतां येतील काय? त्यासाठीं आज दोन साधनें मिळतात: हातांत धरावयाची थ्री-डी लेखणी व मेजावर ठेवावयाचें थ्री-डी छपाई यंत्र. दोहोंचा विचार आपण क्रमानें करूं.

दोहोंचें तत्त्व एकच आहे. बहुधा १.७५ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची तार तापलेल्या तोटींत ढकलली जाते, वितळून बारीक छिद्रांतून बाहेर येते व निवतांच घट्ट होते. या पद्धतीचें पेटंट अमेरिकेंत स्कॉट क्रम्प यांस १९९२ मध्यें मिळालें. तें २००९ मध्यें संपल्यावर घरगुती यंत्रें स्वस्त होत गेलीं. लेखणी २०१३ मध्यें ‘थ्रीडूडलर’ या नांवानें लोकांपुढें आली.

भेद इतकाच कीं, यंत्राची तोटी संगणकाच्या आराखड्याप्रमाणें फिरते, लेखणीची आपल्या हाताप्रमाणें. पाभर सबंध शेत सारख्या अंतरानें पेरते. नांग्या मात्र हातानेंच भराव्या लागतात. तसेंच येथें समजावें.

यंत्र सुमारें ०.२ मिलिमीटरचे थर एकावर एक चढवितें. म्हणून टोकण यंत्राची बियाण्याची चकती, मापाची खुंटी, एकसारख्या दहा कड्या हें त्याचें काम. परंतु आधीं माप घेऊन आराखडा काढावा लागतो, लहान तुकड्यासही तास दोन तास लागूं शकतात, आणि मध्येंच वीज गेली तर काम फुकट जाण्याचा संभव असतो. लेखणी दोन मिनिटांत तापते व तिला आराखडा लागत नाहीं. तडा भरणें, तुटलेला कान जोडणें, मुठीस जाडी देणें ही तिचीं कामें. आटे पाडणें किंवा नेमक्या मापाचें छिद्र करणें तिच्याकडून होत नाहीं.

आतां सावधगिरीच्या गोष्टी सांगतों. खरें नुकसान येथेंच होतें.

१. सर्वांत सोपी तार पीएलएची. ती मका किंवा उसाच्या साखरेपासून होते, पण सुमारें ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. खानदेशच्या वैशाखांत पत्र्यावर किंवा बंद गाडींत तिची वस्तु वांकेल. उन्हांतल्या कामास पीईटीजी बरी.

२. ठिबकची नळी पॉलिथिलीनची असते. तिला यांपैकीं कोणतेंही प्लास्टिक नीट चिकटत नाहीं. तेथें बाजारचा जोडच घालावा.

३. फवारणी पंपाची झडप, नळी, तोटी असे दाबाखालील भाग या साधनांनीं कदापि करूं नयेत. थरांच्या सांध्यांतून द्रव झिरपतो. तो पाठीवर झिरपला म्हणजे विष अंगांत जातें. चार रुपयांच्या बचतीसाठीं जीव धोक्यांत घालूं नये.

४. तोटी २०० अंशांच्या आसपास तापते. मुलांच्या हातीं लेखणी देतांना जवळ बसावें, व एबीएस वितळवितांना खोली मोकळी ठेवावी.

आमचें मत असें कीं, लेखणी ज्यास आवडेल त्यानें घ्यावी. यंत्र मात्र एकट्यानें घेऊं नये. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ मध्यें स्थापिलेल्या विज्ञान आश्रमांत २००२ मध्यें फॅब लॅब सुरू झाली. यंत्र सर्वांचें, शिकणारे गांवचे, हें तिचें मर्म. गांवानें किंवा संघानें एक यंत्र घ्यावें, दोन तरुणांस आराखडा काढण्यास शिकवावें, आणि एकदां काढलेला आराखडा जपून ठेवावा. पुढल्या हंगामीं तोच तुकडा मोडला, तर फेरीही वांचेल व मजुरीही.