शेतकऱ्याचा लहानसा राखणदार

महाबळेश्वराच्या डोंगरांतून निघालेली कोयना नदी कोयनानगराजवळ पूर्वेस वळते व कऱ्हाडास कृष्णेला मिळते. ह्या नद्यांच्या कांठीं उसाचे मळे आहेत. तेथें एक शत्रु असा आहे कीं, तो एका जागीं बसूनच उभें पीक वाळवितो. त्यास खवले कीड म्हणतात.

उसाचें पाचट सोलून पाहिलें म्हणजे कांड्यांवर कधीं कधीं राखाडी, खरखरीत थर दिसतो. तो मळ नव्हे. तो असंख्य किड्यांच्या ढालींचा थर होय. पिलूं जन्मल्यावर थोडा वेळ रांगतें, मग सोंड खुपसून बसतें व अंगावर मेणासारखें खवलें तयार करितें. मादीचे पाय नाहींसे होतात आणि ती मरेपर्यंत तेथेंच रस शोषीत राहते. खवल्याखालीं व पाचटाआड असल्यामुळें औषधाचा फवारा तिला सहज पोहोंचत नाहीं.

परंतु फवारा जेथें हरतो, तेथें ढालकिडा जिंकतो. हा अर्ध्या वाटाण्यासारखा फुगीर भुंगेरा होय. त्याच्या कित्येक जातींच्या पाठीवर ठिपके असतात. पण खवले कीड खाणारा चिलोकोरस नांवाचा आपल्या देशांतील ढालकिडा काळा व चकचकीत असतो. तो व त्याची अळी, दोघेंही ह्या किडीवर जगतात.

ह्या लहान प्राण्याचें सामर्थ्य जगास अमेरिकेंत कळून आलें. कॅलिफोर्नियांत संत्र्या-लिंबांच्या बागा ऑस्ट्रेलियांतून आलेल्या एका पांढऱ्या खवले किडीनें उजाड होऊं लागल्या होत्या. तेव्हां 1888 सालीं आल्बर्ट कोबेले ह्यांस तिचा वैरी शोधण्यास ऑस्ट्रेलियास पाठविलें. त्यांनीं पाठविलेल्या ढालकिड्यांपैकीं आरंभींचे 129 किडे लॉस एंजेलिस येथील बागेंत सोडण्यांत आले. 1889 साल संपण्यापूर्वींच बागा सांवरल्या.

आतां सांगली जिल्ह्याकडे पाहूं. तेथील द्राक्षबागांस पिठ्या ढेकणाचा मोठा उपद्रव होतो. हा खवले किडीचाच भाऊबंद होय. त्यास खाणारा क्रिप्टोलेमस नांवाचा भुंगेरा 1898 सालीं ऑस्ट्रेलियांतून हिंदुस्थानांत आणिला गेला. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. ह्याच्या अळीच्या अंगावरही पांढरे मेणचट धागे असतात, म्हणून ती पिठ्या ढेकणासारखीच दिसते. शेतकरी तिला पाहतो, कीड वाढली असें समजतो, आणि जहाल औषध मारितो. अशा रीतीनें तो पैसे खर्च करून आपलाच राखणदार मारितो! ओळखण्याची खूण ही कीं, अळी मोठी असून चपळाईनें फिरते. पिठ्या ढेकूण मंद असतो.

2002 सालीं सांगलीकडे उसावर लोकरी मावा पडला, तेव्हांही हाच धडा मिळाला. डिफा नांवाच्या पतंगाची अळी मावा खाते असें दिसून आलें, आणि ती असलेलीं पानें एका शेतांतून दुसऱ्यांत नेऊन बांधण्यांत आलीं.

तथापि प्रत्येक ठिपकेदार भुंगेरा मित्र नव्हे. वांग्याचीं पानें खाऊन त्यांची चाळण करणारा भुंगेरा ह्याच कुळांतला आहे. त्याची पाठ मंद व लवदार असते, आणि अळीवर कांटे असतात. म्हणून रंगावरून नव्हे, तर तो काय खातो हें पाहून निवाडा करावा.

शेतकऱ्यानें काय करावें?

1. बेणें स्वच्छ मळ्यांतलेंच घ्यावें. कीड बहुधा बेण्याबरोबरच येते.
2. खालचें वाळलेलें पाचट काढावें, म्हणजे कीड दिसते.
3. वेलीवर मुंग्यांची रांग असल्यास ती मोडावी. पिठ्या ढेकणाच्या गोड स्रावासाठीं मुंग्या त्याची राखण करितात व भुंगेऱ्यांस हांकून देतात.
4. फवारणीपूर्वीं पानें उलटून पाहावीं. मित्र पुष्कळ असतील तर हात आवरावा.

पाठावरून प्रश्न

1. खवले किडीस फवारा सहज कां बाधत नाहीं?
2. क्रिप्टोलेमसची अळी व पिठ्या ढेकूण ह्यांत भेद कसा ओळखावा?
3. मुंग्या कोणाचा पक्ष घेतात, व कां?
4. आपल्या शेतांत ह्या आठवड्यांत कोणते भुंगेरे दिसले, आणि ते काय खात होते?