कान्हेरी : रानातील लेणी आणि तळी

मुंबई शहराच्या उत्तरेस साष्टी नावाचे बेट पसरलेले आहे. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ही उपनगरे याच बेटावर वसली आहेत. त्यांतून जाणाऱ्या पश्चिम आणि मध्य अशा दोन लोहमार्गांच्या मध्ये डोंगर आणि दाट झाडी आहे. हेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. चहूकडून महानगराने वेढलेले, तरीही बिबट्याचा वावर असलेले असे रान जगात क्वचितच आढळेल.

बोरिवलीच्या बाजूने या उद्यानात शिरले, की थोड्याच वेळात गाड्यांचा घरघराट मागे पडतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना साग, ऐन, पळस आणि बांबू यांची दाटी दिसते. डोंगरउतारावर कारवीची झुडपे वाढतात. ही कारवी सात वर्षे मुकाट्याने वाढते आणि आठव्या वर्षी एकदम फुलते, तेव्हा सारा डोंगर निळाजांभळा होऊन जातो. अशा वाटेने सुमारे सहा किलोमीटर चालून गेल्यावर समोर एक काळाकभिन्न, उघडाबोडका खडक उभा ठाकतो. त्याच्या अंगावर ओळीने काळे चौकोन दिसू लागतात. तीच कान्हेरीची लेणी.

‘कान्हेरी’ हे नाव ‘कृष्णगिरी’ या शब्दापासून आले आहे. कृष्णगिरी म्हणजे काळा डोंगर. येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकामाला प्रारंभ झाला आणि पुढे सुमारे एक हजार वर्षे येथे बौद्ध भिक्षूंची वस्ती राहिली. इतक्या आडरानात इतके मोठे काम कोणी केले, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात सहजच उभा राहतो. त्याचे उत्तर भिंतींवरच कोरलेले आहे. सोपारा, कल्याण आणि चौल ही त्या काळातील भरभराटीची बंदरे होती. तेथील व्यापारी, कारागीर आणि गृहस्थ यांनी दान दिले. कोणी लेणे खोदविले, कोणी पाण्याचे टाके करून दिले, तर कोणी भिक्षूंच्या वस्त्रांसाठी कायमची ठेव ठेवली. एका लेखात शेत दान दिल्याचा उल्लेख आहे. ते शेत ‘मंगलस्थान’ गावी होते. बोरिवलीजवळचे आजचे मागाठाणे ते हेच, असे विद्वान मानतात.

तिसऱ्या क्रमांकाचे लेणे हे येथील सर्वांत भव्य लेणे आहे. हे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचे मंदिर. यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या कारकिर्दीत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, व्यापारी बंधूंच्या दानातून ते खोदले गेले. ओसरीच्या दोन्ही टोकांना बुद्धाच्या सुमारे सात मीटर उंचीच्या दोन उभ्या मूर्ती आहेत. आतील दालनात खांबांच्या दोन रांगा असून शेवटी स्तूप आहे. हे खांब मात्र सारखे नाहीत. काहींच्या माथ्यावर हत्ती आणि भक्त कोरलेले आहेत, तर काही अगदी साधे आहेत. काम मध्येच का थांबले, हे कोणत्याही शिलालेखात सांगितलेले नाही. चौतिसाव्या लेण्याच्या छतावरही बुद्धाचे एक चित्र अपुरेच राहिले आहे. एक्केचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांच्या अवलोकितेश्वराची मूर्ती आहे. अकराव्या लेण्यात दगडाचे दोन लांब, बुटके ओटे आहेत. त्यांच्याकडे पाहिले, की समोरासमोर बसून अध्ययन करणाऱ्या भिक्षूंच्या पंक्ती डोळ्यांपुढे येतात.

परंतु कान्हेरीचे खरे कौशल्य मूर्तींइतकेच पाण्यातही आहे. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात खोदलेले एक टाके आहे. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी वाया जाऊ नये, म्हणून वरच्या खडकात बारीक पन्हळी कोरल्या आहेत. पाणी त्यांतून वाहत येऊन टाक्यात साठते. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, हा कोकणचा नियमच आहे. तो ओळखून त्या लोकांनी डोंगरालाच पाणी साठविण्यास शिकविले. म्हणूनच या उघड्या कातळावर शेकडो माणसे शतकानुशतके राहू शकली.

हीच दृष्टी सातासमुद्रापलीकडेही दिसते. कंबोडिया देशात ख्मेर राजांनी बांधलेली अंकोरची मंदिरे आहेत. त्यांतील अंकोर वाट हे मंदिर बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधले. पुढे त्यांतील अनेक मंदिरे रानात बुडून गेली. काहींच्या भिंतींना प्रचंड वृक्षांच्या मुळ्यांनी विळखा घातला. परंतु त्या राजांनी मंदिरांबरोबर विशाल जलाशयही खोदले होते. त्यांपैकी एक सुमारे आठ किलोमीटर लांब आहे. जवळच तोन्ले साप नावाचे सरोवर आहे. पावसाळ्यात मेकाँग नदीचे पाणी उलटे वाहत येऊन ते कितीतरी पटींनी विस्तारते. काठची गावे उंच खांबांवर घरे बांधून त्या पुराबरोबर नांदतात. देश निराळा, दगड निराळा. पण पावसाचा मान राखणारी बुद्धी एकच.

कान्हेरीच्या भोवतालच्या रानातही तळी आहेत. विहार तलाव १८६० साली पूर्ण झाला आणि मुंबईकरांना नळाचे पाणी प्रथम मिळू लागले. त्यानंतर १८७९ साली तुळशी तलाव बांधला गेला. आज मुंबईचे बहुतेक पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा दूरच्या जलाशयांतून येते. तरीही ही दोन तळी आपला लहानसा वाटा अजून उचलीत आहेत. तुळशीकडून दहिसर नदी निघते, तर विहार आणि पवई यांच्या सांडव्यातून मिठी नदी वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा काठावर दाटलेल्या वस्तीमुळे आणि कचऱ्यामुळे अरुंद झालेली मिठी नदी फुगली आणि तिने शहराला वेढा घातला. पाण्याची वाट अडविली, की पाणी आपली वाट स्वतः शोधते.

या रानात माणसेही राहतात. वारली, महादेव कोळी, कोकणा, कातकरी या आदिवासींचे पाडे येथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वारल्यांच्या घरांच्या भिंती शेणामातीने सारवलेल्या असतात आणि लग्नकार्यात त्यांवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. त्रिकोण, वर्तुळ आणि रेघ एवढ्याच साधनांनी त्यांत सारे जग उभे राहते. हे लोक वाघोबाला देव मानतात. रानाच्या कडेला त्याची ठाणी आढळतात. बिबट्या हा त्यांचा शेजारी आहे. त्याची वेळ आणि त्याची वाट ते ओळखून असतात. उद्यान राखावयाचे म्हणून या माणसांनी रान सोडावे, की रानाची जाण असलेली माणसे रानातच राहावीत, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. पाड्यावरील मुलाला शाळा हवी, दिवा हवा, दवाखाना हवा. आणि त्याच्या आजोबांना आपला डोंगरही हवा. दोघांचेही म्हणणे खरे आहे.

नव्वदाव्या लेण्यात एक नवलाची गोष्ट आहे. इ. स. १००९ आणि १०२१ या वर्षी काही पारशी प्रवासी येथे आले आणि आपल्या भेटीची नोंद त्यांनी पहलवी लिपीत कोरून ठेवली. म्हणजे एक हजार वर्षांपूर्वीही लोक ही लेणी पाहावयास येत होते! ती अक्षरे आज इतिहासाचा पुरावा ठरली आहेत. मात्र त्यांचे अनुकरण करून आज कोणी भिंतीवर आपले नाव खरडले, तर तो कायद्याने गुन्हा होतो, कारण ही लेणी संरक्षित स्मारके आहेत. शिवाय दररोज येणाऱ्या प्रत्येकाने एकेक अक्षर कोरावयाचे ठरविले, तर मूळचे एकही अक्षर वाचता येणार नाही. ज्या दात्यांनी येथे टाकी खोदविली, त्यांनी पाणी पुढच्यांसाठी ठेवले. कान्हेरीस जाणाऱ्यानेही डोंगर, पाणी आणि अक्षरे पुढच्यांसाठी जशीच्या तशी ठेवावीत, एवढेच त्या दानाचे ऋण आहे.

स्वाध्याय

१. कान्हेरी हे नाव कसे पडले?
२. लेण्यांसाठी कोणी कोणी आणि कोणत्या प्रकारचे दान दिले?
३. कान्हेरीच्या लोकांनी पावसाचे पाणी कसे साठविले, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. ‘दोघांचेही म्हणणे खरे आहे’ असे लेखात का म्हटले आहे? तुमचे मत सांगा.
५. तुमच्या गावातील जुनी विहीर, तळे किंवा टाके पाहून त्याविषयी दहा ओळी लिहा.
६. पुढील शब्द वाक्यांत योजा : काळाकभिन्न, आडरान, भरभराट, ऋण.